आकाशगंगेचा आकार मुलांपुढे कसा मांडायचा, आणि ‘एलियन आहेत का?’ ला काय उत्तर द्यायचं?

खानापूर_विज्ञान यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये डिसेंबरच्या अमावास्येला आकाशदर्शन ठरलंय. आठवी ते दहावीची साठ मुलं, दुपारी दोन तास वर्गात आणि रात्री दोन तास मैदानावर. हाताशी १०×५० च्या दोन दुर्बिणी (दोन डोळ्यांच्या) आणि ८ इंची एक टेलिस्कोप आहे. खर्च हजार रुपयांच्या आत बसवायचाय.

‘आकाशगंगेचा व्यास १ लाख प्रकाशवर्षं’ हे मुलांना पाठ आहे. तो आकडा त्यांना डोळ्यांनी दिसेल असं काय करता येईल? रात्री दुसरी एखादी दीर्घिका खरोखर दाखवता येईल का, आणि ती कशी शोधायची? तिसरा प्रश्न मुलं विचारणार हे नक्की: एवढं मोठं विश्व आहे तर एलियन असतीलच ना? त्यावर ‘कुणास ठाऊक’ म्हणून हात झटकायचे नाहीत, आणि थापाही मारायच्या नाहीत.

---

वेणुग्राम:

सर, एकाच मोजपट्टीत तारेही दाखवायचे आणि दीर्घिकाही, हे जमत नाही. बहुतेक मॉडेलं तिथंच फसतात. दोन वेगळ्या पट्ट्या घ्या आणि दोन्हींच्या मधे मुलांना दहा मिनिटं सुट्टी द्या, म्हणजे आकड्यांची गल्लत होत नाही.

पहिली पट्टी ताऱ्यांची. सूर्य म्हणजे २ मिलीमीटरचा मोहरीचा दाणा. मग पृथ्वी त्याच्यापासून साडेएकवीस सेंटिमीटरवर, गुरू सव्वा मीटरच्या आत, नेपच्यून साधारण साडेसहा मीटरवर. एवढं वर्गातल्या फरशीवर खडूनं होतं. पृथ्वीचा ठिपका मात्र काढू नका. तिचा आकार इथं मिलीमीटरचा पन्नासावा हिस्साही भरत नाही, खडूचा ठिपका सूर्यापेक्षा मोठा होईल. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर १ अजून सेकंदाला १७ किलोमीटरनं पळतंय. ते या पट्टीत ३६-३७ मीटरवर पोचलंय, म्हणजे शाळेच्या आवारातच.

आणि सूर्याला सर्वात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर. या पट्टीत एक प्रकाशवर्ष १३.६ किलोमीटरचं होतं, म्हणजे प्रॉक्झिमा ५७-५८ किलोमीटरवर आला. मोहरी बेळगावात ठेवली तर पुढचा दाणा सरळ रेषेत निपाणीच्या अलीकडे, तवंदी घाटाच्या आसपास. तोही मोहरीचा नाही, बारीक रव्याचा कण. मधल्या हत्तरगी, संकेश्वर वगैरे सगळ्या टापूत एकही तारा नाही. मुलांना हा रस्ता पाठ असतो, त्यामुळे इथं वर्ग शांत होतो.

आता याच पट्टीत आख्खी आकाशगंगा मांडायची म्हटली तर साडेतेरा लाख किलोमीटर लागतील, चंद्राच्या अंतराच्या साडेतीनपट. म्हणून ही पट्टी इथंच सोडायची. सोडण्याआधी एक हिशेब फळ्यावर करून घ्या. आकाशगंगेत किमान १० हजार कोटी तारे आहेत. सगळे सूर्याएवढे धरले तर तेवढ्या मोहऱ्यांचा ढीग साडेसहाशे घनमीटर होतो. ७ बाय ६ मीटरची, ३ मीटर उंच वर्गखोली सव्वाशे घनमीटरची, म्हणजे पाच खोल्या छतापर्यंत. एवढ्या मोहऱ्या, आणि शेजारशेजारच्या दोघींत पन्नास-साठ किलोमीटरचं अंतर. दीर्घिका दीर्घिकेत घुसली तरी तारे एकमेकांवर आदळत नाहीत, त्याचं कारण हेच.

दुसरी पट्टी दीर्घिकांची: १ मिलीमीटर म्हणजे १०० प्रकाशवर्षं. आकाशगंगा १ मीटर व्यासाची तबकडी झाली. जाडी सुमारे १ सेंटिमीटर. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा भंगारवाल्याकडे मिळतो. खिळा नि ५० सेंटिमीटर दोरी घेऊन तीन वर्तुळं कापा आणि फेविकॉलनं एकमेकांवर चिकटवा. चिकटवताना पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या एका थरात उभ्या, पुढच्या थरात आडव्या यायला हव्यात. सगळ्या एकाच दिशेनं आल्या तर गोंद वाळताना तबकडी हमखास वाकते. वर चार-पाच विटा ठेवून रात्रभर दाबा. मध्ये १० सेंटिमीटरचा फुगवटा कागदाच्या लगद्याचा.

सूर्याची टाचणी केंद्रापासून २६ सेंटिमीटरवर टोचा. काठाला नाही, मध्यालाही नाही, अर्ध्याच्या थोडं पुढं. मुलं ती नेहमी टोकाला टोचतात. तारे म्हणून रवा वगैरे भुरभुरू नका, कारण या पट्टीत रव्याचा एक कण पाव-अर्धा मिलीमीटर म्हणजे २५-५० प्रकाशवर्षांचा होतो. तेवढ्या जागेत शेकडो तारे मावतात. सर्पिल हात रंगानं काढा, पुरे.

मग मैदानावर या. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं दूर, म्हणजे २५ मीटरवर. तिची तबकडी दीड मीटरची. त्याच्या शेजारी २७ मीटरवर त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ दीर्घिका, साठ सेंटिमीटरची. कन्या समूहातल्या दीर्घिका साडेपाचशे मीटरच्या आसपास. पुण्याच्या आयुका आणि आयसरच्या खगोलशास्त्रज्ञांनी २०१७ साली जाहीर केलेला दीर्घिकांचा ‘सरस्वती’ महासमूह ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. या पट्टीत ४० किलोमीटर. तबकडी बेळगावात धरली तर लोंढ्याच्या जवळपास, आणि त्याची लांबी सहा किलोमीटर. आणि दिसू शकणाऱ्या विश्वाची सीमा सध्या साडेचार हजार कोटींहून जास्त, नेमकं म्हणजे ४,६५० कोटी प्रकाशवर्षांवर: ४६५ किलोमीटर. बेळगावहून बेंगळूर सरळ रेषेत साधारण तेवढंच आहे.

दोन्ही पट्ट्या ताडून बघा. तारे त्यांच्या आकाराच्या मानानं भयंकर लांब आहेत. दीर्घिका तशा नाहीत, आपली आणि देवयानी यांच्यात आपल्या तबकडीच्या पंचवीसपट अंतर आहे फक्त. मुलांना हा फरक समजला तर दुपार कारणी लागली.

---

जांबोटी_आकाश:

देवयानी दाखवता येते की सर, आणि खानापूरसारख्या ठिकाणाहून नुसत्या डोळ्यांनीही दिसते. आपलं अक्षांश जवळपास पावणेसोळा, देवयानीची क्रांती (म्हणजे आकाशातलं अक्षांश) सव्वा एक्केचाळीस, म्हणून ती उत्तरेला ६५ अंशांपर्यंत चढते. नोव्हेंबरच्या मध्याला पावणेदहाच्या सुमारास माथ्यावर येते, १ डिसेंबरला साडेआठनंतर, १५ डिसेंबरला पावणेआठला. मुलांना घरी वेळेत पाठवायचंय तर डिसेंबरच योग्य.

शोधायची रीत अशी. आठ वाजता डोक्यावरून किंचित पश्चिमेला चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. त्याची पश्चिमेची बाजू म्हणजे पूर्वाभाद्रपदा, पूर्वेची बाजू उत्तराभाद्रपदा. ज्यांच्या घरी पंचांग आहे त्या मुलांना ही नावं ओळखीची असतात. ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून सुरुवात करा. हात लांब करून मूठ धरली की १० अंश. चौकोनाच्या बाहेर ईशान्येकडे दीड मूठ गेलं की तांबूस झाक असलेला मिराक लागतो. तिथून काटकोनात वळून वायव्येला दोन मंद तारे, साधारण तीन-चार अंशांच्या टप्प्यांवर. दुसऱ्या ताऱ्याच्या लगत पश्चिमेला जो धुरकट लांबट ठिपका, तीच देवयानी. पडताळा हवा तर उत्तरेला शर्मिष्ठा तारकासमूहाचा ‘एम’ बघा. त्याचं जास्त टोकदार शिखर वर देवयानीकडेच रोखलेलं असतं.

८ इंची टेलिस्कोप यासाठी मुळीच वापरू नका. देवयानी आकाशात तीन अंश लांब आहे, सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीनं ठेवले तर जेवढे होतील तेवढी. २५ मिलीमीटरच्या आयपीसनं त्या टेलिस्कोपात जेमतेम एक अंशभर दिसतं, त्यामुळे मुलाला नुसता धूसर पांढुरका उजेड दिसतो आणि ते ‘काहीच नाही’ म्हणून बाजूला होतं. १०×५० मध्ये सहा-साडेसहा अंश दिसतात, दीर्घिका आख्खी मावते आणि भोवतीचं काळं आकाशही दिसतं. टेलिस्कोप शनी-गुरूसाठी लावा.

तिरकं बघायला शिकवा. ठिपक्याच्या किंचित बाजूला नजर ठेवली की तो जास्त उठून दिसतो, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी बुबुळासमोरच्या मध्यभागी जवळपास नसतातच, भोवती असतात. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका मोबाईलच्या उजेडानं सगळं परत पहिल्यापासून. फोन गेटवर गोळा करा. टॉर्चला लाल जिलेटीन कागदाचे तीन-चार थर. ग्रामपंचायतीला आठवडाभर आधी पत्र देऊन मैदानाजवळचे पथदिवे दोन तास बंद ठेवून घ्या.

६५ अंशांवर उभ्यानं दुर्बीण धरली तर मान अवघडते आणि हात थरथरतात, ठिपका नाचतो. घोंगडी अंथरून मुलांना उताणं झोपवा, पाय उत्तरेकडे. कोपरं जमिनीला टेकलेली. दोन दुर्बिणी, साठ मुलं, प्रत्येकी दीड मिनिट धरलं तर पाऊण तास. डिसेंबरात आपल्याकडे दहिवर पडतं, नऊनंतर भिंगांवर बाष्प धरतं. ते पुसू नका, कोटिंग जातं. वापर नसताना दुर्बीण झाकून उबेत ठेवा.

आणि बघण्याआधी सांगून ठेवा: रंग दिसणार नाहीत, सर्पिल हात दिसणार नाहीत. फोटोत दिसतात कारण कॅमेरा मिनिटामिनिटांचा प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही. जे दिसतंय तो २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे.

वेणुग्राम यांच्या मॉडेलची एक गंमत जोडतो. २५ मीटरवरची दीड मीटरची तबकडी बरोबर तीन-साडेतीन अंशांची दिसते, आकाशातल्या देवयानीएवढी. फक्त ती समोरासमोर धरू नका. देवयानी आपल्याला ७७ अंश कललेली आहे, म्हणून उंची लांबीच्या चौथाई दिसेल इतकी तबकडी आडवी कलती करा. दुपारी मुलांनी हात लांब करून बोटांनी तिची लांबी मोजायची, आणि रात्री तीच बोटं आकाशात धरायची.

---

खानापूर_विज्ञान:

फारच उपयोगी. एक शंका. सर्वात मोठ्या दीर्घिकेचा आकार कुठं ४० लाख, कुठं ६० लाख प्रकाशवर्षं दिलाय. एकूण दीर्घिकांचाही आकडा कुठं २० हजार कोटी तर कुठं २ लाख कोटी. मुलांना काय सांगू?

---

वेणुग्राम:

‘सर्वात मोठी’ हा किताब देऊ नका. दीर्घिकेला कुंपण नसतं, कडेला उजेड हळूहळू विरत जातो. किती मंद उजेडापर्यंत मोजायचं त्यावर व्यास ठरतो, म्हणून ‘सर्वात मोठी’ म्हणून सांगतात त्या आयसी ११०१ दीर्घिकेचे इतके वेगवेगळे आकडे फिरतात. त्यापेक्षा पॉर्फिरियनबद्दल सांगा. २०२४ साली जाहीर झालेले हे कृष्णविवराचे झोत टोकापासून टोकापर्यंत २.३ कोटी प्रकाशवर्षांचे आहेत, आपल्या पट्टीत २३० मीटर. तो ताऱ्यांचा पसारा नव्हे, रेडिओ दुर्बिणीला दिसणारे झोत आहेत, हे वेगळं सांगायला विसरू नका.

एकूण संख्या म्हणजे मोजणी नव्हे, अंदाज. हबलनं आकाशाच्या चिमूटभर तुकड्यात, ज्याची रुंदी चंद्राच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी, जवळपास १० हजार दीर्घिका टिपल्या. त्यावरून पुढं गुणाकार आहे. २ लाख कोटींचा अंदाज २०१६ चा, न दिसणाऱ्या छोट्या दीर्घिका धरून. नंतर न्यू होरायझन्स यानानं आकाशाचा मूळ काळोख मोजला तर तो त्या मानानं जास्त काळा निघाला, त्यामुळे काही दहा हजार कोटींच्या पटीतला आकडा जास्त जुळतो. बिलियन म्हणजे १०० कोटी, ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी, एवढं फळ्यावर लिहून ठेवा.

---

निपाणी_जीवशोध:

एलियनच्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण त्यात शिक्षक मंडळीही एक उडी मारतात: ‘इतक्या दीर्घिका, मग जीव असणारच’. गुणाकारात एक आकडा माहीतच नसेल तर बाकीचे कितीही मोठे असोत, उत्तर निघत नाही. योग्य ग्रहावर जीव निर्माण होण्याची शक्यता किती, हा तो आकडा. आपल्याकडे उदाहरण एकच आहे.

मुलांकडून ड्रेकचा गुणाकार करून घ्या, आकाशगंगेत संदेश पाठवू शकणाऱ्या संस्कृती किती याचा. फ्रँक ड्रेक यांनी १९६१ साली मांडलेला. आकाशगंगेत दर वर्षी जन्मणारे तारे: २ धरा. ग्रह असलेल्यांचा हिस्सा: जवळपास १. त्यात दर ताऱ्यामागं पाणी द्रव राहील अशा अंतरावरचे खडकाळ ग्रह: ०.२ धरा. इथपर्यंत ०.४, आणि हे आकडे मोजमापावर उभे आहेत. पुढं जीव, बुद्धी, रेडिओ, या तीन जागा आणि संस्कृती किती वर्षं टिकते ही चौथी. या चारही मोकळ्या ठेवून मुलांच्या गटांना भरायला द्या. एका गटानं तिन्हींत १ आणि टिकण्याची १० हजार वर्षं भरली तर ४,००० संस्कृती येतात. दुसऱ्यानं फक्त जीवाच्या जागी ‘दहा लाखात एक’ भरलं तर ०.००४, म्हणजे आकाशगंगेत आपण एकटेच. दोन्ही उत्तरं आजच्या ज्ञानात बसतात. कुठलाही गट चुकलेला नाही हे त्यांना स्पष्ट सांगा.

आता त्या चार हजार संस्कृती पुठ्ठ्याच्या तबकडीवर मांडून बघा. क्षेत्रफळ ७,८५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दोन चौरस सेंटिमीटरला एक. शेजारी सरासरी १.४ सेंटिमीटरवर, खऱ्या अंतरात १,४०० प्रकाशवर्षं. आपल्या रेडिओ लहरी शंभरेक वर्षांत जिथवर गेल्या तो बुडबुडा तबकडीवर एक मिलीमीटर त्रिज्येचा. सूर्याच्या टाचणीचं डोकंच तो झाकून टाकतं. इतक्या उदार हिशेबातही शेजाऱ्याला आपला पत्ता लागलेला नाही, आणि त्याचा आपल्याला. ‘अजून कुणी बोललं नाही’ हा ‘कुणी नाही’ याचा पुरावा का होत नाही, ते इथं हाताला लागतं.

ग्रहांचा शोधही असाच तबकडीच्या एका कोपऱ्यातला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला परग्रह १९९५ साली मेयर आणि क्वेलोझ यांना ५१ पेगासी भोवती सापडला, त्याबद्दल २०१९ चं नोबेल. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाच्या यादीत ६,००० ची नोंद झाली. केप्लर दुर्बिणीनं धुंडाळलेले तारे बहुतेक ३,००० प्रकाशवर्षांच्या आत, हंसाच्या दिशेनं: टाचणीपासून तीन सेंटिमीटर. दुसऱ्या दीर्घिकेत खात्रीनं सापडलेला ग्रह एकही नाही.

आणि ५१ पेगासी तुमच्या रात्रीच्या वाटेवरच आहे. पूर्वाभाद्रपदाच्या दोन ताऱ्यांच्या बरोबर मध्यावर, रेषेच्या दीड-पावणेदोन अंश पश्चिमेला. तेजस्वितेची प्रत ५.५, दुर्बिणीतून सहज. पन्नास प्रकाशवर्षं. देवयानीकडे वळण्याआधी तो दाखवा, कारण त्याचा ग्रह गुरूच्या निम्म्या वजनाचा असून सव्वाचार दिवसांत फेरी मारतो.

बातम्यांची चाळणी कशी करायची तेही सांगा. एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी वर डायमिथाइल सल्फाइडची, म्हणजे पृथ्वीवर मुख्यतः सजीवांपासून येणाऱ्या वायूची, खूण मिळाल्याची बातमी आली. १२४ प्रकाशवर्षांवरचा ग्रह. दाव्याची पातळी ३ सिग्मा होती (सिग्मा म्हणजे निकाल निव्वळ योगायोग नसल्याची खात्री मोजायचं माप), शोध मानायला ५ लागतात, आणि इतर गटांनी तोच डेटा तपासून शंका काढल्या. ‘जीव सापडला’ अशी ओळ आली की तीन गोष्टी विचारायच्या: सिग्मा किती, दुसऱ्या गटाला तेच दिसलं का, आणि जीवाशिवाय तो वायू तयार होतो का?

एलियन म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यासमोर मोठ्या डोळ्यांचा प्राणी येतो. तिथं पृथ्वीचा इतिहास पुढं करा. इथं जीव निदान ३५० कोटी वर्षांपासून आहे, प्राणी साठेक कोटी वर्षांपासून, रेडिओ शंभरेक वर्षांपासून. बाकी सगळा काळ जंतूंचा. आपल्या जिल्ह्यात गोकाकचा धबधबा ज्या खडकावरून पडतो तो कलादगी समूहातला. त्याच समूहातल्या लोकापूर बाजूच्या, शंभर कोटी वर्षांहून जुन्या चुनखडीत स्ट्रोमॅटोलाइट आहेत, जंतूंच्या थरांनी तयार झालेले. दुसरीकडे कुठं जीव सापडला तर तो बहुधा असाच असेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर एप्रिल २०३० मध्ये गुरूजवळ पोचेल आणि युरोपाच्या बर्फाखालचा समुद्र जीवाला सोसेल असा आहे का ते तपासेल. ते जीव शोधायला नाही, जागा तपासायला जातंय. हा फरक नववीतल्या मुलाला नीट समजतो.

---

मलप्रभाकाठ:

वेळ उरला तर एक कृती. १६ नोव्हेंबर १९७४ ला अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून शौरी तारकासमूहातल्या एम १३ या तारकागुच्छाकडे १,६७९ अंकांचा संदेश पाठवला गेला. १,६७९ च का, तर तो फक्त २३ × ७३ असाच फुटतो, म्हणून वाचणाऱ्याला चौकट दोनच प्रकारे मांडता येते, आणि त्यातल्या एकातच चित्र उमटतं. मुलांना याचं छोटं रूप द्या. चौकटीच्या वहीवर हे ३५ अंक:

०१११००१११०००१००१११११००१०००१०१०१०००१

काहीही सांगू नका. ३५ चे अवयव त्यांनी काढायचे, एकदा ७ च्या पाच ओळी, एकदा ५ च्या सात ओळी मांडायच्या आणि १ चे चौकोन काळे करायचे. ७ च्या ओळींत काहीच लागत नाही, ५ च्या ओळींत हात पसरलेला माणूस उभा राहतो. एखादा अंक गळला तर सगळं तिरकं होतं, म्हणून फळ्यावर लिहिण्यापेक्षा छापील चिठ्ठ्या वाटा.

त्याची जागाही तबकडीवर दाखवता येते. एम १३ सुमारे २५ हजार प्रकाशवर्षांवर, आणि तबकडीच्या पातळीच्या वर. २५ सेंटिमीटरची तार घेऊन सूर्याच्या टाचणीपाशी ४० अंशांच्या कलानं खोचा, वरच्या टोकाला कापसाचा छोटा बोळा. संदेश निघाल्याला पन्नास वर्षं उलटली, म्हणजे तारेवर तो अर्धा मिलीमीटर चढलाय. तिथं पेननं खूण करता येत नाही, टोकच त्याहून जाड असतं. टोकदार ब्लेडनं चरा काढा आणि मुलांना तो भिंगातून बघू द्या.